शिकारीची गोळी आणि सावजाचें मांस

शिकारीच्या गप्पांत बंदुकीचें वर्णन पुष्कळ असतें; गोळीचें मात्र फारसें नसतें. वस्तुतः बंदूक शिकाऱ्याच्या हातांतच राहते. सावजापर्यंत पोंचते ती गोळी. हरीण जागच्या जागीं पडेल कीं जखमी होऊन झुडपांत नाहींसें होईल, आणि पडल्यावर त्याचें मांस स्वयंपाकघरापर्यंत येईल कीं त्यांतला मोठा भाग टाकून द्यावा लागेल, हें त्या तोळा-दीड तोळ्याच्या धातूच्या तुकड्यावर बरेंचसें अवलंबून असतें. गोळीचें वजन 'ग्रेन' या मापानें सांगण्याची रीत आहे. सोनाराचा जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील आंकडे घरगुती मापांत सहज उमगतील.

वऱ्हाडांत हा प्रश्न एके काळीं व्यवहारांतला होता. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, मेळघाटचें सागाचें व बांबूचें रान पसरलें आहे. त्याच्या दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोल्याकडे काळ्या जमिनीचें उघडें मैदान लागतें. रानांत सांबर, चितळ व भेकर. मैदानांत काळवीट आणि रोही, ज्याला इतरत्र नीलगाय म्हणतात. काळवीट व रोही यांचीं शिंगें गळून पडत नाहींत, म्हणून प्राणिशास्त्र त्यांना सांबर-चितळांहून वेगळ्या कुळांत घालतें. तथापि शिकाऱ्यांच्या हिशेबांत हीं सारीं एकत्रच येत. या जनावरांत आकाराचा भेद मोठा आहे. पूर्ण वाढलेला सांबराचा नर अडीचशें किलोच्या घरांत जातो, चितळाचा नर ऐंशीच्या आसपास भरतो, तर भेकर जेमतेम वीस-पंचवीस किलोंचें. सर्वांना एकच गोळी लागू पडणें शक्य नाहीं, हें यावरूनच स्पष्ट होतें. सातपुड्याच्या मुलुखांत नोकरी केलेले कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनीं १८६० च्या दशकांत शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें होतें.

गोळीनें मांस नासतें तें कसें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. गोळी अंगांत शिरली म्हणजे दोन पोकळ्या निर्माण होतात. एक कायमची, ती म्हणजे गोळीनें प्रत्यक्ष फाडलेली वाट. दुसरी क्षणिक. तळ्यांत दगड टाकल्यावर पाणी बाजूला सरून पुन्हा मिळावें, त्याप्रमाणें वेगवान गोळीच्या भोंवतालचें मांस निमिषमात्र बाहेर फांकतें व पुन्हा मिटतें. या ताणानें जखमेपासून वीतभर अंतरावरच्याही बारीक रक्तवाहिन्या फुटूं शकतात आणि रक्त स्नायूंच्या पडद्यांमधून पसरत जातें. कातडें सोलल्यावर जखमेभोंवतीं जें काळसर-लाल, लिबलिबीत मांस दिसतें, तें या रक्ताचेंच काम. रक्तानें भिजलेलें मांस लवकर नासतें, म्हणून तें कापून टाकावें लागतें. त्यांत खांद्याचें हाड फुटलें तर हाडाच्या कपच्या स्वतःच लहान गोळ्यांप्रमाणें चहूंकडे उडतात. आणि पोट फाटलें तर आंतड्यांतील घाण आंतल्या मांसास लागते.

हें नुकसान गोळीच्या जाडीपेक्षां तिच्या वेगावर अधिक अवलंबून असतें. गोळीचें वजन दुप्पट केलें तर तिची शक्ति दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. ठासणीच्या बंदुकीची शिशाची वाटोळी गोळी सेकंदास १००० ते १५०० फूट जाई. तिचें भोंक मोठें पडे, परंतु भोंवतालचें मांस बहुधा शाबूत राही. १८८६ सालीं फ्रान्सनें आपल्या सैन्यास बिनधुराच्या दारूची रायफल दिली, आणि थोड्याच वर्षांत २००० फुटांचा वेग ही सामान्य गोष्ट झाली. पुढें शिकारी रायफली ३००० फुटांच्या जवळ पोंचल्या. क्षणिक पोकळीचा उपद्रव सामान्यतः २००० फुटांच्या वर ठळकपणें जाणवूं लागतो. मांस वांचविण्याचा पहिला नियम यांतूनच निघतो: हलक्या व चपळ गोळीपेक्षां जड व बेताच्या वेगाची गोळी बरी. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ही हिंदुस्थानांतील परवानाधारकांच्या चांगल्या परिचयाची. सैनिकी मापाचीं काडतुसें खाजगी हातांत जाऊं नयेत या धोरणामुळें .३०३ च्या जागीं हें माप रूढ झालें. तिची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून अधिक वजनाची, आणि वेग सुमारें २००० फूट. आधुनिक रायफलींच्या मानानें ही मंद गोळी. पण मांसाच्या दृष्टीनें हें मंदपणच गुणाचें आहे.

मग जी मुळींच फुटत नाहीं अशी गोळी कां वापरूं नये, असें कोणासही वाटेल. सर्वांगावर कठीण धातूचें आवरण असलेली 'सॉलिड' गोळी हरणाच्या देहांतून अरुंद वाट करीत आरपार जाते, आणि मांस क्वचितच बिघडतें. परंतु रक्त थोडें वाहतें, फुप्फुस हळूहळू निकामी होतें, आणि जनावर बांबूच्या बेटांतून कोसभर पळून कोठेंतरी मरतें. तें सांपडलें नाहीं म्हणजे सारेंच मांस गेलें. आणि त्याहून वाईट म्हणजे एका जिवाचे हाल झाले. सर्वांत अधिक मांस वाया जातें तें न सांपडलेल्या हरणाचें, ही गोष्ट गोळीची निवड करणाऱ्यानें कधींही विसरतां कामा नये.

म्हणूनच हरणासाठीं नाक उमलणारी गोळी लागते. या जातीच्या गोळीचें नांव जगभर गाजलें तें कलकत्त्याजवळील डम-डमच्या शस्त्रशाळेमुळें. तेथें कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं १८९६-९७ च्या सुमारास टोंकाचें शिसें उघडें ठेवलेली .३०३ ची गोळी तयार केली. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें युद्धांत अशा उमलणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरविल्या. नवल असें कीं जी गोळी माणसावर झाडणें अमानुष ठरलें, तीच हरणावर झाडली पाहिजे असा इंग्लंडचा दंडक आहे. तेथील १९९१ च्या हरीण-कायद्याप्रमाणें रायफलीनें हरीण मारतांना मऊ किंवा पोकळ नाकाचीच गोळी चालते. हा विरोध वरवरचा आहे. युद्धांत शत्रु निकामी झाला म्हणजे काम भागतें. शिकारींत जनावराला क्षणांत मरण यावें, हीच दया होय.

तेव्हां खरा प्रश्न गोळी उमलावी कीं नाहीं हा नसून ती किती उमलावी हा आहे. पातळ आवरणाची हलकी गोळी वेगानें जवळून लागली तर ती कातड्याखालींच फुटून तिचे कण होतात. वरचें मांस छिन्नविच्छिन्न होतें आणि काळजापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. चांगली गोळी छत्रीसारखी उमलून दुपटीच्या आसपास रुंद होते, बहुतेक वजन राखते आणि पलीकडे निघून जाते. १९४६ सालीं कॅनडांत मूस या प्रचंड हरणावर गोळी अशीच निकामी ठरल्यामुळें जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्यानें गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूचा आडवा पडदा ठेवण्याची युक्ति काढली. १९४८ पासून ती गोळी बाजारांत आली. पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा अखंड राहतो. त्यानंतर शिसें व आवरण एकजीव केलेल्या गोळ्या निघाल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. तांब्याच्या गोळीचें नाक पाकळ्यांसारखें उलगडतें. ती सहसा तुटत नाहीं आणि तिचें वजन जवळजवळ पूर्ण टिकतें.

शिशाच्या बाबतींत आणखी एक भय आहे. गोळी लागलेल्या हरणांचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं असतां, शिशाचे डोळ्यांस न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत विखुरलेले आढळले. म्हणजे रक्ताळलेला भाग कापून टाकला तरी राहिलेलें मांस निर्धोक असतेंच असें नाहीं. आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस विशेष घातक. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाचा दारूगोळा पूर्णपणें वर्ज्य केला. डेन्मार्कनें १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली.

गोळी निवडतांना जागाही पाहावी लागते, आणि या बाबतींत अमरावतीचें रान व अकोल्याचें मैदान हीं दोन्ही उदाहरणें चांगलीं आहेत. मेळघाटच्या दाट रानांत सावज पन्नास-साठ यार्डांवर दिसतें; गोळी नळींतून निघालेल्या वेगानेंच जवळजवळ आदळते, म्हणून तेथें जड, मंद व टिकाऊ गोळीच योग्य. पूर्णेच्या उघड्या खोऱ्यांत काळवीट दोनशें यार्डांच्या आंत येऊं देत नसे. सेकंदास ३००० फुटांनीं निघालेली गोळी तेथवर जातां जातां साधारण २४०० फुटांवर येते. वेग एक-पंचमांशानें घटला म्हणजे शक्ति एक-तृतीयांशाहून अधिक घटते. जी चपळ गोळी रानांत चितळाचा खांदा चिंधड्या करील, तीच मैदानांत बेतानें उमलेल. अर्थात् 'उत्तम गोळी' अशी कोणतीही एक नाहीं. जनावर, अंतर आणि गोळी यांचा मेळ बसला पाहिजे.

गोळी कितीही चांगली असली तरी ती कोठें लागते याला पहिला मान आहे. खांद्याच्या मागें, बरगड्यांमधून फुप्फुसांत गेलेली गोळी थोडेंसें बरगड्यांचें मांस घेऊन शीघ्र मरण देते. खांद्यांतून गेलेली जनावरास जागींच पाडते, पण पुढच्या पायांचें मांस नासवते. मानेवर किंवा डोक्यावर नेम धरल्यास मांस सारें वांचतें. परंतु नेम दोन बोटें चुकला तर जबडा मोडलेलें हरीण उपाशी तडफडत मरतें. मांसाच्या लोभानें असला नेम धरणें हें शिकाऱ्यास शोभत नाहीं. पोटांतील गोळी सर्वांत वाईट. आणि वऱ्हाडच्या उन्हांत तर ताबडतोब आंतडीं काढून देह थंड केला नाहीं, तर उत्तम गोळीनें वांचविलेलें मांसही कांहीं तासांतच हातचें जातें.

आज वऱ्हाडांत या विचाराचें स्वरूप पालटलें आहे. १९७३ सालीं सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें घातलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्यानें होणारी हौसेची शिकारही संपविली. सांबर-चितळांचें मांस घरीं आणणें हा आतां गुन्हा आहे. परंतु तूर-हरभऱ्याच्या शेतांत रोही व रानडुकरें शिरतात, शेतकरी रात्रभर जागल करतो, आणि पिकांचा नाश झाल्यास कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें वनाधिकाऱ्याची परवानगी मिळूं शकते. अशा रीतीनें मारलेलें जनावरही ३९ व्या कलमाप्रमाणें सरकारची मालमत्ता ठरतें. त्याचें मांस कोणाच्याही घरीं जात नाहीं.

मांसाचा प्रश्न सुटला म्हणून गोळीचा प्रश्न सुटला, असें मात्र नव्हे. पसरणारे छर्रे दुरून झाडले तर चार जनावरें जखमी होतात आणि एकही मरत नाहीं. आरपार जाणारी गोळी शेजारच्या शेतांतील मजुरापर्यंत पोंचूं शकते. म्हणून मचाणावरून, मागें जमीन येईल असा खालच्या बाजूचा मारा, बेताचें अंतर आणि बेतानें उमलणारी जड गोळी, हाच धडा येथेंही लागू पडतो. ज्या गुणांनीं पूर्वी सावजाचें मांस वांचे, त्याच गुणांनीं आज त्याचे हाल वांचतात. मांस न नासवणारी गोळी आणि जिवाला न तडफडवणारी गोळी या दोन निराळ्या वस्तु नव्हेत. चांगल्या गोळीचीं तीं दोन लक्षणें होत.