संस्थापक निवृत्त होतो तेव्हा

संगणकाच्या कंपन्या हा आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्याने घर बांधले त्याने ते दुसऱ्याच्या हाती कसे सोपवावे, हा प्रश्न मूळचा माणसांचा आहे. त्यासाठी मी इन्फोसिसचे उदाहरण घेतो. ही कंपनी जन्माने पुण्याची, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते.

१९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी यांनी ती काढली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्तींच्या शिलकीतले. १९८३ मध्ये बिऱ्हाड बंगलोरला हलले. मूर्ती एकवीस वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. २००२ मध्ये ते पद नंदन निलेकणींकडे गेले, २००७ मध्ये क्रिस गोपालकृष्णन यांच्याकडे, २०११ मध्ये शिबुलाल यांच्याकडे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, किती सुरळीत हे सत्तांतर! मला मात्र यात सत्तांतर दिसतच नाही. हे तिघेही मूळच्या सातांपैकीच. पंगत तीच, वाढपी तेवढा बदलला.

मूर्ती २०११ मध्ये पासष्टाव्या वर्षी अध्यक्षपदावरूनही निवृत्त झाले. पण कंपनीची वाढ मंदावली, स्पर्धक पुढे जाऊ लागले, आणि जून २०१३ मध्ये संचालक मंडळाने त्यांना परत बोलावले. वर्षाला एक रुपया वेतनावर ते आले. मदतनीस म्हणून मुलाला बरोबर आणले, त्यावरून कुजबुज झाली. पुढच्या वर्षभरात अनेक वरिष्ठ अधिकारी कंपनी सोडून गेले.

खरा वारसदार आला तो ऑगस्ट २०१४ मध्ये. विशाल सिक्का हे सातांपैकी नसलेले पहिले मुख्य अधिकारी. ऑक्टोबरमध्ये मूर्तींनी अध्यक्षपदही सोडले. आता संस्थापकापाशी खुर्ची नव्हती, मत होते. कायद्याने पाहू गेल्यास भागधारक संचालक निवडतात आणि संचालक मंडळ मुख्य अधिकारी नेमते. साऱ्या संस्थापक-कुटुंबांचे भाग मिळून तेरा टक्क्यांच्या आतच होते. एवढ्या बळावर कोणी मुख्य अधिकाऱ्याला हलवू शकत नाही. पण अधिकार काही केवळ भागांच्या वहीत लिहिलेला नसतो. आमच्या नाट्यमंडळाचे एक माजी चिटणीस तालमीच्या वेळी मागच्या बाकावर येऊन बसत. बोलत काहीच नसत. पण दिग्दर्शकाने सूचना दिली की नटांच्या माना आधी मागे वळत!

मूर्ती तर बोललेही. सिक्का यांची वेतनवाढ, कंपनी सोडणाऱ्या वित्तप्रमुखाला देऊ केलेली मोठी रक्कम, पनाया या इस्रायली कंपनीची खरेदी, यांविषयी त्यांनी जाहीर प्रश्न विचारले. माझ्या मते प्रश्न गैर नव्हते. भागधारकाने हिशेब मागूच नये काय? परंतु तोच प्रश्न साध्या भागधारकाने विचारला तर ती चौकशी ठरते, संस्थापकाने विचारला तर तो निकाल वाटतो. आपल्या आवाजाचे हे वजन मूर्तींनी जोखले नाही, असे मला वाटते. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सततच्या आरोपांना कंटाळून सिक्का यांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाने त्याचा दोष उघडपणे मूर्तींवर ठेवला. कंपनीच्या भागाचा भाव त्या एका दिवसात नऊ टक्क्यांहून अधिक घसरला. आठवड्याच्या आत अध्यक्ष शेषसायी पायउतार झाले, आणि त्या जागी कोण आले? निलेकणी. म्हणजे पुन्हा सातांपैकीच एक.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निलेकणींच्या नव्या मंडळाने ऑक्टोबरमध्ये तीच प्रकरणे पुन्हा तपासली आणि गैरव्यवहाराचा पुरावा नाही, हा आधीचाच निष्कर्ष कायम ठेवला. आपण विचारलेल्या प्रश्नांवर आपण ठाम आहोत, असे मूर्तींनी त्यानंतरही सांगितले.

जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख मुख्य अधिकारी झाले. तेही बाहेरचेच, पण त्यांचे बस्तान बसले. सिक्का बाहेरचे म्हणून टिकले नाहीत, हे स्पष्टीकरण म्हणूनच मला पटत नाही. फरक असा की पारेख यांच्या पाठीशी, अध्यक्षाच्या खुर्चीत, एक संस्थापक बसला होता. त्यामुळे माना वळल्या तरी त्या सभागृहाबाहेर वळत नव्हत्या. २०२२ मध्ये पारेख यांना आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली, तेव्हाही त्या खुर्चीत निलेकणीच होते.