कॅथोडवरचे बुडबुडे: मुलाम्यात हायड्रोजन काय करतो?

निकेलच्या मुलाम्याचा प्रयोग तुम्ही एमएस्सीला केला असेल तर गणित पाठच असेल. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे १ ॲम्पिअर प्रवाह तासभर सोडला की साधारण १.०९५ ग्रॅम निकेल जमायला हवं. आता समजा, पत्र्याचं वजन वाढलं १.०४ ग्रॅमनेच. मग उरलेला ५ टक्के विद्युतभार गेला कुठे? हायड्रोजन बनवण्यात.

५ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? हिशेब करा: १८० कूलोम म्हणजे खोलीच्या तापमानाला जवळजवळ २३ मिलीलिटर वायू. एकेक बुडबुडा ०.१ मिलिमीटर व्यासाचा धरला तर चार कोटींहून जास्त बुडबुडे! आणि हे सगळे नेमके तिथेच जन्मतात जिथे तुमचा धातू बसायचा असतो.

असं का होतं? सामू ४ असताना हायड्रोजनचं समतोल विभव –०.२४ व्होल्टच्या आसपास येतं आणि निकेलचं प्रमाण विभव आहे सुमारे –०.२५. दोघं अगदी शेजारी-शेजारी, त्यामुळे दोन्ही अभिक्रिया एकदमच चालतात. तांब्याचं विभव +०.३४, म्हणून ते आरामात आधी बसतं. पण मग जस्त? त्याचं –०.७६, म्हणजे कागदावर पाहिलं तर पाण्यातून जस्त बसायलाच नको. तरी बसतं, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार व्हायचा वेग फार कमी असतो. पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न आवडीने विचारतात. उत्तरात नुसती विभवांची यादी म्हणू नका, ओव्हरपोटेन्शियल सांगा.

बुडबुडा चिकटून बसला की त्याच्याखाली द्रावण पोचत नाही. धातू त्याच्या भोवतीने वाढतो आणि बुडबुडा सुटल्यावर खड्डा राहतो. प्लेटिंगवाले त्याला पिटिंग म्हणतात. पत्रा उभा टांगला असेल तर वर सरकणाऱ्या बुडबुड्यांमुळे उभे ओरखडेही दिसू शकतात. उपाय म्हणून सोडियम लॉरिल सल्फेटसारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ किंचित घालतात. मग बुडबुडे मोठे होईपर्यंत थांबत नाहीत, लहान असतानाच सुटतात.

पण बुडबुडा डोळ्याला दिसतो, म्हणून आपण सगळा दोष त्यालाच देतो. खरी गडबड बऱ्याचदा न दिसणारी असते. हायड्रोजन बनताना आम्ल खर्च होतं, त्यामुळे कॅथोडला लागून असलेल्या पातळ थरात सामू वाढतो. बीकरमधला सामू ४ दाखवतो, पण पृष्ठभागाजवळ तो बराच वर असू शकतो. तिथे निकेल हायड्रॉक्साइड तयार होऊन थरात अडकतं आणि थर काळपट, ठिसूळ होतो. ऑलिव्हर वॉट्स यांच्या १९१६ च्या प्रसिद्ध द्रावणात निकेल सल्फेट आणि क्लोराइडसोबत बोरिक ॲसिड असतं ते सामू सांभाळायला. म्हणून ‘थर काळा का आला’ याचं उत्तर शोधताना सामू-मीटरवर आंधळा भरवसा ठेवू नका.

शिवाय सगळा हायड्रोजन बुडबुडा होऊन जात नाही. थोडा अणुरूपात धातूत शिरतो. उच्च-शक्ती पोलादाच्या बोल्टला जस्ताचा मुलामा दिला आणि नंतर १९० अंशांच्या वर काही तास भाजला नाही, तर तो भार आल्यावर अचानक तुटू शकतो. इथे प्रश्न चकाकीचा उरत नाही.

आणि गंमत म्हणजे हाच बुडबुडा कामालाही लावता येतो. सुटताना तो द्रावण ढवळतो, ताजे आयन पृष्ठभागापर्यंत आणतो. २००३ मध्ये शिन, डाँग आणि लिउ यांनी तर तीव्र आम्लातल्या कॉपर सल्फेटमधून चौरस सेंटिमीटरला ३ ॲम्पिअर इतका प्रचंड प्रवाह सोडून तांब्याचा फेस बनवला. बुडबुडे हाच साचा! धातू मधल्या फटींत वाढतो, वायू निघून जातो आणि स्पंजसारखी जाळी उरते. वर जाताना बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून असा नमुना एसईएमखाली आडवा छेद घेऊन बघाल तर तळाशी बारीक भोकं आणि वरच्या बाजूला मोठी दिसतील. शोधनिबंधात पुष्कळदा फक्त वरून घेतलेला फोटो असतो. त्यावरून भोकांचा सरासरी आकार दिलेला दिसला, तर छेदाचा फोटो आहे का ते आधी शोधा.