एका महिन्यात चार पुस्तकं

गेल्या महिन्यात आमच्या गटानं चार पुस्तकं हाती घेतली, दर आठवड्याला एक. ती मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारची निवडली. कशातून काय पदरात पडलं, ते आज सांगते.

आमच्यात निम्म्या जणींना वाचता येत नाही. म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी हातातलं काम करत ऐकायचं, असा नेम ठेवला. एका आठवड्यात अख्खं पुस्तक होत नाही, तेव्हा निवडक भाग घेतले.

पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत छापलं गेलं. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्या बोलल्यासारखं लिहितात आणि स्वतःची फजितीही हसत सांगतात. असं पुस्तक वाचताना मध्येच थांबावं. बाया आपणहून स्वतःचं सांगू लागतात.

दुसऱ्या आठवड्यात बहिणाबाई चौधरींची गाणी घेतली. कविता एकदा वाचून भागत नाही. दोनदा, तीनदा म्हणावी लागते. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेलं घरच्यांनी वहीत उतरवून घेतलं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. वहीत उतरलं ते राहिलं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, “माझ्या सासूबाईंना शंभर तरी ओव्या येतात, पण एकही लिहिलेली नाही.”

तिसरी कादंबरी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, तिथला होतो आणि शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. कादंबरीचा धागा तुटू नये म्हणून रोज आधी कालची गोष्ट एकीनं सांगायची. हे काम आम्ही मुद्दाम न वाचणाऱ्या बाईला दिलं. तिची आठवण आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की निघाली.

चौथं पुस्तक बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताई फलटणच्या. घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिलं. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. महारवाड्यातली उपासमार, गावानं केलेला अपमान आणि घरात सुनेचे होणारे हाल, यातलं काहीच त्या झाकत नाहीत.

आमच्या गटात सगळ्या वस्त्यांमधल्या बाया आहेत. पहिल्या दिवशी वाचन संपलं तरी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकजण म्हणाली, “हे सगळं माझ्या आजीनं भोगलंय.” मग दुसरी खाली मान घालून म्हणाली, “आमच्या पडवीत त्यांच्यासाठी कपबशी वेगळी असायची.” बचतीच्या बैठकीत इतकी वर्षं शेजारी बसून हा विषय निघाला नव्हता. वाद झाला नाही, पण सोपंही गेलं नाही. एकाच चवीची पुस्तकं घेतली असती, तर आम्ही तिथवर पोचलोच नसतो.

तुम्हीही करून बघा. गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात विचारा. एक आत्मचरित्र, एक कवितांचं पुस्तक, एक कादंबरी आणि एक मनाला टोचणारं पुस्तक घ्या. सोबत कोरी वही ठेवा. आमच्या वहीत त्या सासूबाईंच्या अकरा ओव्या उतरल्या आहेत. बाकीच्या त्यांना आठवताहेत तोवर लिहून घ्यायच्या आहेत.