डिस्क सुटेपर्यंत

सकाळी ७
रत्नागिरीच्या हवेतच मीठ असतं. चार महिने पाऊस झेललेल्या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क हबला गंजून बसतात. आज दोन्ही बदलायच्या. अंगणातली सपाट, टणक जागा धरली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. चाक उचललं की ते पान्याबरोबर फिरू लागतं. मग जॅक लावला आणि लगेच खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

सकाळी ८
चाक उतरवलं, स्टिअरिंग वळवून कॅलिपरचे मागचे बोल्ट समोर आणले. सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळू द्यायचा नाही. होज आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगला. पॅड काढले, ब्रॅकेट काढला. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकायची नाही, ती फुप्फुसात जाते. आता डिस्क हाताने ओढून यायला हवी होती. जागची हलली नाही.

सकाळी ९
डिस्क बिडाची, हब पोलादाचा, फटीत पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो दोघांमध्ये पाचरीसारखा आवळत जातो. हबचा मधला गोल आणि स्टडच्या मुळाशी तारेचा ब्रश मारला, गंज सोडवणारं तेल सोडलं आणि तासभर हात लावला नाही. काही गाड्यांत डिस्कला धरणारा छोटा स्क्रू असतो. तो आधी काढला नाही, तर पुढची सगळी ठोकाठोक वाया. गॅसची ज्योत मात्र लावायची नाही. बेअरिंगचं ग्रीस, रबरी सील, एबीएसचा सेन्सर सगळं तिथेच असतं, आणि हे तेल पेट घेतं.

सकाळी १०
डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. दोन नट चार-पाच आटे उलटे चढवले, म्हणजे डिस्क अचानक सुटली तरी पायावर पडणार नाही. स्टडच्या मधल्या जागी हातोडा मारायचा, डिस्क थोडी फिरवायची, पुन्हा मारायचा. डिस्क परत वापरायची असेल तर लाकडी ठोकळा मध्ये धरावा. पॅड घासतो त्या भागावर घाव नकोच.

सकाळी ११
बऱ्याच डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, पुष्कळदा ८ मिमीच्या बोल्टची. ती खास याच कामासाठी. दोन्ही बोल्ट घातले आणि आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा दिला. एकच पिळत राहिलं तर डिस्क तिरपी होऊन आणखी अडकते. मध्ये तेल, मध्ये ठोका, पुन्हा अर्धा फेरा. शेवटी खाडकन आवाज झाला आणि डिस्क सुटली.

दुपारी १२
खरं काम इथे आहे. हबवर गंजाची खपली राहिली तर नवी डिस्क किंचित तिरपी बसते आणि काही दिवसांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. ब्रश आणि पॉलिश पेपरने हब लख्ख होईपर्यंत घासला. नव्या डिस्कचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धुतलं, मग ती बसवली. ब्रॅकेट, नवे पॅड, कॅलिपर. बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळले.

दुपारी ३
दुसरी बाजू, तीच शिस्त. डिस्क जोडीनेच बदलतात, नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

संध्याकाळी ५
चाकं बसवून गाडी खाली घेतली आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबलं. नवे पॅड बसवताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही. ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात हळूहळू ब्रेक लावत पॅड बसवले.

हे काम घरी जमतं, पण घाईने जमत नाही. शेवटी एका जरी बोल्टबद्दल शंका उरली, तर गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.