बोटावरचा चिमटा

कोरोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागल्या. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९५ टक्क्यांच्या खाली गेला की घरात धावपळ उडायची. रक्ताचा थेंबही न काढता बोटावरच्या या चिमट्याला आतले कळते कसे, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती.

खरे तर तो ऑक्सिजन मोजतच नाही. मोजतो तो उजेड. चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक एलईडी असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, साधारण ९४० चा. समोर असतो फोटोडायोड. जितका उजेड पडेल तितकी वीज, एवढेच त्याला येते. सेन्सर म्हणायचा तो हाच. पुढचा सगळा हिशेब. ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन अवरक्त किरण जास्त शोषते, रिकामे झालेले लाल. दोन्हींपैकी पलीकडे किती पोचले, त्या गुणोत्तरावरून टक्केवारी निघते.

पण बोटात कातडी, हाड, मांसही असते आणि तेही उजेड अडवतेच. ही गाठ सोडवली जपानच्या ताकुओ आओयागींनी. हृदय किती रक्त फेकते हे मोजण्यासाठी ते रक्तात रंगद्रव्य सोडून कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवत होते. नाडीच्या ठोक्यांनी आलेख सारखा थरथरायचा. ही कटकट घालवायच्या नादात त्यांना उमगले, की ठोक्यागणिक बदलते ते धमनीतले रक्त, बाकी सगळे जागच्या जागी. म्हणजे थरथर तेवढी ठेवायची आणि उरलेले वजा करायचे! १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. एप्रिल २०२० मध्ये, जगभर ऑक्सिमीटरची शोधाशोध चालू असतानाच, ते गेले.

गुणोत्तराची टक्केवारी करायचा तक्ता मात्र माणसांवरच बेततात. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांचे रक्त तपासतात. त्यांना ७० टक्क्यांखाली सहसा नेत नाहीत, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजाचेच. बोटे गार पडली किंवा गडद नेलपॉलिश असले तरी यंत्र गडबडते. कोंडलेल्या शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनला, तर गुदमरणाऱ्या माणसाचाही आकडा छान दिसतो.

कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहेच. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटलेली आढळली. चिमटा ९४ दाखवत असेल आणि माणसाला धाप लागली असेल, तर डॉक्टर धमनीतले रक्त काढूनच तपासतात.