नाव नवं, चिप जुनी

जानेवारी 2025 मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या प्रदर्शनात एएमडीने लॅपटॉपसाठी रायझन 200 ही मालिका जाहीर केली. तिच्या वरच्या मॉडेलांमधलं ग्राफिक्स म्हणजे रेडिऑन 780एम, 2023 पासून ओळखीचं. आधी 7040, मग 8040, आता 200. जवळपास त्याच चिपचं हे तिसरं बारसं, आणि बातमी वाचताना जुना संताप पुन्हा उसळून आला.

 लॅपटॉप ग्राफिक्सचं 2007 नंतरचं दशक मी अगदी जवळून पाहिलं. नव्या मालिकेची कुणकुण लागली की ‘आत कुठली चिप असेल?’ हाच पहिला प्रश्न असायचा. ड्रायव्हरच्या फायलींमध्ये बाजारात न आलेल्या कार्डांचे डिव्हाइस आयडी सापडायचे आणि त्यावरून तर्क लढवले जायचे. बाहेरच्यांना तो रिकामटेकडेपणा वाटे. पण डेस्कटॉपचं कार्ड काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपचं बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. पैसे मोजले की पुढची चार-पाच वर्षं त्याच चिपवर काढायची. त्यामुळे विकत घेण्याआधीचा अंदाज हीच गिऱ्हाइकाची एकमेव ढाल होती.

आणि ती लागायचीच. एनव्हिडियाचं लॅपटॉपसाठीचं जीटीएक्स 280एम 2009 मध्ये आलं. डेस्कटॉपच्या जीटीएक्स 280 मध्ये जीटी200 ही चिप आणि 240 कोअर; या ‘एम’वाल्यात 128. कारण आत होती जी92 ची आक्रसलेली आवृत्ती, म्हणजे 2007 च्या 8800 जीटीचाच वंश. पुढच्या वर्षी तीच 285एम झाली. 2012 चा प्रकार मला याहून वाईट वाटतो. जीटीएक्स 660एममध्ये नवं, 28 नॅनोमीटरचं केप्लर तंत्र होतं, तर त्याच्या वर बसवलेलं 675एम म्हणजे आदल्या वर्षीचं 580एम, 40 नॅनोमीटरचं फर्मी. वेगात ते 660एमच्या पुढे होतं, हे खरं. पण वीज किती खायचं! मोठा आकडा पाहून घेणाऱ्याला जुनं तंत्र मिळालं, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही. एएमडीही मागे नव्हती: 7970एम, 8970एम, आर9 एम290एक्स, 2012 ते 2014, तीन नावं आणि तेच 1280 कोअर.

लॅपटॉप बनवणाऱ्यांना दरवर्षी नवा आकडा लागतो, अशी सबब पुढे केली जाते. मला ती कधीच पटलेली नाही. त्यांना आकडा हवा म्हणून गिऱ्हाइकाने अंधारात का राहायचं?

2016 मध्ये मात्र चित्र पालटलं. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीतल्या वरच्या कार्डांच्या नावातून ‘एम’ गेला, आणि लॅपटॉपच्या जीटीएक्स 1080 मध्ये डेस्कटॉपइतकेच 2560 कोअर आले. 1070 मध्ये तर डेस्कटॉपपेक्षा जास्त, 2048. क्लॉकचा वेग थोडा कमी, पण नाव खरं. त्या वर्षाची मला आजही हळहळ वाटते, कारण ते टिकलं नाही. 2017 चं एमएक्स150 एकाच नावाने 25 वॉटचंही होतं आणि 10 वॉटचंही. हा फरक खपून गेला तो पुढच्या वर्षी चाचण्या करणाऱ्यांनी उघड करेपर्यंत.

आता तर जुनी चिपही लागत नाही. आरटीएक्स 5090 डेस्कटॉपवर 21,760 कोअरचं, लॅपटॉपवर 10,496 चं. वेगळी, लहान चिप. फरक सांगायला ‘लॅपटॉप जीपीयू’ एवढी शेपटी, आणि जाहिरातीत तीही अनेकदा गळते. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावं लागतं. दोन-अडीच लाखांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर चिपचं मूळ नाव, कोअर आणि वॉट छापायची सक्ती करा, एवढीच माझी मागणी आहे. तोवर ड्रायव्हरच्या फायली उकरणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणू नका.