म्हाताऱ्या उंदरांची सामाईक सोय

वार्धक्यावर प्रयोग करायचा तर उंदीर म्हातारा हवा, आणि तो होईस्तोवर दोनेक वर्षं सांभाळायला हवा. हा खर्च प्रत्येक प्रयोगशाळेला कुठून परवडणार? म्हणून अमेरिकेची 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग' ही सरकारी संस्था वयस्क उंदरांच्या वसाहती राखते आणि संशोधकांना प्राणी पुरवते.

तिचा दुसरा उपक्रम त्याहून मोलाचा. आयुष्य वाढवू शकेल असं औषध मेन, मिशिगन आणि टेक्सासमधल्या तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी तपासलं जातं. एकीकडचा योगायोग दुसरीकडे उघडा पडतो.

रॅपामायसिन या औषधाचंच पाहा. ते खाद्यात टिकेना, म्हणून त्यावर वेष्टण चढवावं लागलं. त्यात इतका वेळ गेला, की उंदीर 600 दिवसांचे झाले. तरीही तिन्ही ठिकाणी नर-मादी दोघांचंही आयुष्य वाढलं. 2009 साली 'नेचर'मध्ये हे निष्कर्ष छापून आले.